परवान्याचा खेळ : अमेरिकी बेसबॉल आणि कन्सोलची निवड

२०१४ ते २०२० या सात हंगामांत अमेरिकेतल्या बेसबॉलच्या शौकिनाला खऱ्या संघांचा, खऱ्या खेळाडूंचा आणि खेळाच्या बारकाव्यांशी इमान राखणारा व्हिडिओ गेम घरच्या टीव्हीवर खेळायचा असेल, तर सोनी कंपनीचे प्लेस्टेशन विकत घेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. केवळ गेम खेळण्यासाठी बनवलेल्या आणि टीव्हीला जोडायच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोची वेळोवेळी नावे बदलत आलेली यंत्रे ही या बाजारातली तीन मोठी घराणी असून एका घराण्याच्या यंत्रासाठी बनवलेली डिस्क दुसऱ्याच्या यंत्रात चालत नाही. बहुतेक गाजलेले गेम निदान दोन घराण्यांसाठी स्वतंत्रपणे तयार केले जातात, त्यामुळे अमेरिकी फुटबॉलच्या किंवा बास्केटबॉलच्या चाहत्याला यंत्र निवडताना आपल्या आवडत्या खेळाची फारशी काळजी करावी लागत नाही. बेसबॉलच्या चाहत्याला ती करावी लागली. २०१३ च्या अखेरीस प्लेस्टेशन ४ बाजारात आले तेव्हा त्याची किंमत ३९९ डॉलर होती आणि नव्या गेमला साधारण ६० डॉलर पडत. म्हणजे घरात एक्सबॉक्स नांदत असताना एका खेळापायी साडेचारशे डॉलरची चाट बसत होती, आणि तरीही ती सोसणारे लोक निघाले.

या लोकांची निवड वरवर पाहता गुणवत्तेची वाटते. सोनीच्या सॅन डिएगो स्टुडिओने बनवलेला ‘एमएलबी द शो’ हा गेम सरस होता, म्हणून लोक तिकडे वळले, असे सरळ स्पष्टीकरण देता येते, आणि ते खोटेही नाही. परंतु सरस कशाच्या तुलनेत, हा प्रश्न विचारला की घोडे अडते, कारण त्या सात वर्षांत तुलना करण्याजोगा दुसरा गेम त्या बाजारात उरलाच नव्हता. तो का उरला नाही, याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही; ते करारांच्या कागदांत सापडते.

खऱ्या लीगवर आधारलेला गेम काढायचा तर दोन मालकांची परवानगी लागते. संघांची नावे, बोधचिन्हे, गणवेश आणि स्टेडियम यांवर मेजर लीग बेसबॉल या व्यावसायिक लीगचा हक्क असतो, तर खेळाडूंची नावे, चेहरे आणि आकडेवारी यांच्या सामूहिक वापराची परवानगी त्यांची संघटना, म्हणजे मेजर लीग बेसबॉल प्लेअर्स असोसिएशन, देते. यांपैकी एकच परवाना हाती असला की काय होते, याचा नमुना म्हणून निन्टेन्डोने १९९४ मध्ये काढलेला केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूच्या नावाचा गेम पाहण्यासारखा आहे : त्यात संघ खरे होते, ग्रिफी खरा होता, आणि बाकीचे सारे खेळाडू बनावट नावांनी वावरत होते. दोन्ही परवाने असूनही भगदाड पडू शकते. बॅरी बॉन्ड्स या विक्रमवीराने संघटनेच्या सामूहिक करारातून आपले नाव काढून घेतले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या ‘एमव्हीपी बेसबॉल २००५’ या गेममध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात त्याच्या जागी जॉन डाउड नावाचा एक काल्पनिक गोरा खेळाडू उभा करण्यात आला. बॉन्ड्स कृष्णवर्णीय, पण डाउड मैदानाबाहेर चेंडू भिरकावण्यात त्याच्याइतकाच तयार. १९९४-९५ च्या संपात मालकांच्या बाजूने बदली खेळाडू म्हणून उतरलेल्यांना संघटनेने सभासदत्व नाकारले, त्यामुळे पुढे नावारूपाला आलेल्या त्यांच्यातल्या खेळाडूंची नावेही गेममध्ये वापरता येत नसत. संपफोडेपणाची शिक्षा टीव्हीच्या पडद्यापर्यंत पोहोचल्याचे हे बहुधा विरळ उदाहरण असावे.

मराठी वाचकांपैकी ज्यांचे शिक्षण २००६ नंतरच्या काही वर्षांत झाले, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्याच ‘क्रिकेट ०७’ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांचे अधिकृत परवाने होते, भारताचा नव्हता. परिणामी भारतीय संघातली नावे मोडतोड करून दिलेली असत आणि ती दुरुस्त करणाऱ्या फायली, ज्यांना ‘पॅच’ म्हणतात, पेनड्राइव्हवरून हातोहात फिरत. परवाना नसलेला गेम चाहते स्वतःच्या हाताने खरा करून घेतात, हे क्रिकेटमध्ये घडले तसेच बेसबॉलमध्येही घडले, आणि योगायोग असा की दोन्हीकडे मूळ गेम एकाच कंपनीचे होते.

बेसबॉलच्या गेमची वाट लागण्याचा आरंभ मात्र दुसऱ्याच खेळातून झाला. २००४ मध्ये सेगा आणि टेक-टू या कंपन्यांनी अमेरिकी फुटबॉलचा एक चांगला गेम केवळ १९ डॉलर ९९ सेंट किमतीला बाजारात आणला, तेव्हा पन्नास डॉलरला ‘मॅडन’ हा आपला फुटबॉलचा गेम विकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे धाबे दणाणले, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात या कंपनीने फुटबॉल लीगशी व तिच्या खेळाडूंच्या संघटनेशी अनन्य परवान्याचा करार करून टाकला. अनन्य परवाना म्हणजे एकालाच दिलेली आणि इतर सर्वांना नाकारलेली परवानगी. गुणवत्तेवर आणि किमतीवर चाललेली लढाई अशा कागदाने एका दिवसात संपते. टेक-टूने जानेवारी २००५ मध्ये त्याच मार्गाने परतफेड केली : २००६ च्या वसंतापासून २०१२ पर्यंत बेसबॉलचे हक्क तिने मिळवले. मात्र या करारात एक खिंडार मुद्दाम ठेवलेले होते. टेक-टूची मक्तेदारी केवळ त्रयस्थ प्रकाशकांविरुद्ध होती, म्हणजे ज्यांचे स्वतःचे कन्सोल नाही अशा गेम-कंपन्यांविरुद्ध. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो हे यंत्रनिर्माते आपापल्या यंत्रासाठी बेसबॉलचा गेम काढायला मोकळे होते. पुढच्या पंधरा वर्षांचा सारा इतिहास या एका अपवादातून निघाला आहे.

कराराचा पहिला बळी ठरला तो ‘एमव्हीपी बेसबॉल’. फेब्रुवारी २००५ मध्ये आलेली त्याची अखेरची आवृत्ती आजही अनेक जाणकार आपल्या आवडीच्या यादीत अग्रभागी ठेवतात, आणि त्यात केवळ जुन्या आठवणींचा मोह नाही. चेंडू हातातून सुटताना त्याच्या प्रकाराप्रमाणे क्षणभर रंग दाखवून फलंदाजाला अंदाज देणारी युक्ती, मेजर लीगच्या खालच्या तीन पायऱ्यांवरचे अधिकृत संघ, आणि स्टेडियम बांधण्यापासून खाद्यपदार्थांच्या किमती ठरवण्यापर्यंतचा मालकाचा कारभार, हे सारे त्या एकाच गेममध्ये होते. परवाना गेल्यावर कंपनीने दोन वर्षे महाविद्यालयीन बेसबॉलवर गेम काढून पाहिले आणि मग या खेळातून अंग काढून घेतले. संगणकावरच्या आवृत्तीला मात्र चाहत्यांनी मरू दिले नाही. नवे खेळाडू, नवे गणवेश, नवी स्टेडियम घालून ते ती वर्षानुवर्षे ताजी करत राहिले.

टेक-टूची ‘एमएलबी २के’ मालिका हक्क हाती असूनही स्थिरावली नाही. २००६ ते २०१३ अशा आठ आवृत्त्या निघाल्या, मध्येच निर्माता स्टुडिओ बदलला, चुकांनी भरलेल्या आवृत्त्यांनी नाव खराब केले, आणि या मालिकेतून तोटा होत असल्याचे कंपनीलाही मान्य करावे लागले. २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले की, आपल्या गेममध्ये पहिला ‘परफेक्ट गेम’ टाकणाऱ्याला, म्हणजे प्रतिपक्षाच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना एकदाही पहिल्या बेसवर न पोहोचू देता बाद करणाऱ्याला, दहा लाख डॉलर मिळतील. बक्षीस अलाबामातल्या एका तरुणाने पटकावले, गेमची चर्चा झाली, पण तेवढ्याने गेम सुधारला नाही. या मालिकेच्या नावावर एक श्रेय मात्र जमा केले पाहिजे. कंट्रोलरवरची उजवी स्टिक विशिष्ट वळणाने फिरवून चेंडू टाकण्याची पद्धत तिने २००८ मध्ये आणली होती, आणि तिच्याशी उघड नाते सांगणारी ‘पिनपॉइंट’ पद्धत ‘द शो’ने २०२१ मध्ये आपली मोठी नवलाई म्हणून मिरवली.

सोनीने करारातल्या खिंडाराचा पुरेपूर उपयोग केला. नव्वदच्या दशकापासून तिचे बेसबॉलचे गेम निघतच होते. २००६ मध्ये डेव्हिड ऑर्टिझ या खेळाडूचे चित्र मुखपृष्ठावर घेऊन ‘एमएलबी ०६ : द शो’ आला आणि तेव्हापासून दरवर्षी एक आवृत्ती हा नेम मोडलेला नाही. मेजर लीगला खेळाडूंच्या बोलीत ‘द शो’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. मायक्रोसॉफ्टची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. या कंपनीने २००३ मध्ये एक्सबॉक्ससाठी स्वतःचा एक बेसबॉल गेम काढला होता, आणि त्याच वर्षी थ्रीडीओ ही कंपनी दिवाळखोरीत निघाली तेव्हा तिच्या ‘हाय हीट बेसबॉल’ या नावाजलेल्या मालिकेचे हक्कही विकत घेतले होते. करारातला अपवाद हाताशी, मालिकेचे हक्क तिजोरीत, पैशाला तोटा नाही, आणि तरीही तिने या हक्कांचे पुढे काही केले नाही. २०१३ नंतर टेक-टूने बेसबॉलला रामराम ठोकला तेव्हा एक्सबॉक्सच्या मालकांच्या वाट्याला लीगच्या स्वतःच्या माध्यम-कंपनीने काढलेला ‘आर.बी.आय. बेसबॉल’ हा साधासुधा गेम तेवढा उरला. एक्सबॉक्सवरच्या दुष्काळाचे खापर बहुतेक वेळा सोनीच्या माथी फोडले जाते. त्यातला मोठा वाटा खरे तर मायक्रोसॉफ्टच्या उदासीनतेचा आहे.

कन्सोल बदलणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडत होते, हे समजण्यासाठी या खेळाचा गाभा थोडा जवळून पाहावा लागतो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. त्याची जागा आणि फलंदाजाचे ‘होम प्लेट’ यांत १८.४४ मीटर अंतर असते, परंतु पिचर लांब पाऊल टाकून पुढे झुकत असल्याने चेंडू हातातून सुटतो तो सुमारे सतरा मीटरवरून. क्रिकेटप्रमाणे तो टप्पा घेत नाही. जे काही वळायचे, बुडायचे असेल ते हवेतच. ताशी १५३ किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो. गेम सेकंदाला साठ चित्रे दाखवत असेल, तर एवढ्या वेळात चोवीस चित्रे पडद्यावर येऊन जातात, आणि त्यांतल्या पहिल्या काहींतच खेळणाऱ्याला चेंडूचा प्रकार ओळखून, डाव्या स्टिकने बॅटचा नेम दर्शवणारे वर्तुळ योग्य जागी नेऊन, योग्य क्षणी बटण दाबावे लागते. अनेक टीव्ही चित्र सुशोभित करण्याच्या नादात ते किंचित उशिरा दाखवतात. हा उशीर सेकंदाचा दहावा भाग असला तरी सहा चित्रे, म्हणजे हातातल्या वेळाचा चौथा हिस्सा, वाया जातो. टीव्हीवरचा ‘गेम मोड’ चालू न करता नव्या कन्सोलला किंवा नव्या गेमला दोष देणाऱ्यांनी आधी ही बेरीज-वजाबाकी करून पाहावी.

‘द शो’चे मोठेपण या ०.४ सेकंदांच्या हाताळणीत होते. फटका कुठे जाईल हे बटणाची वेळ, वर्तुळाची जागा, फलंदाजाची गुणांकने आणि चेंडूचा वेग यांतून ठरत असल्याने बाद झालेल्या खेळाडूला आपले काय चुकले ते बहुधा कळते, आणि ज्या गेममध्ये अपयशाचे कारण कळते त्याचा कंटाळा उशिरा येतो. शिवाय ‘रोड टू द शो’ या प्रकारात एकच खेळाडू निर्माण करून त्याला खालच्या लीगमधून वर चढवत न्यायचे असते. त्यात फक्त आपल्या खेळाडूच्या वाट्याचे प्रसंग खेळायचे असल्याने तीन तासांचा सामना पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. नोकरी-संसार असलेल्या प्रौढ चाहत्याला हा गेम धरून ठेवतो तो बराचसा या सोयीमुळे.

यंत्र बदलले की बोटांचीही नव्याने शिकवणी सुरू होते. कंट्रोलरच्या उजव्या बाजूची चार बटणे चौकटच्या आकारात मांडलेली असतात आणि बेसबॉलचे मैदानही त्याच आकाराचे असल्याने क्षेत्ररक्षण करताना उजवे बटण म्हणजे पहिला बेस, वरचे म्हणजे दुसरा, डावे म्हणजे तिसरा आणि खालचे म्हणजे होम, अशी जोडणी सहज बसते. ही जोडणी कुठल्याही कन्सोलवर बदलत नाही. बदलतात ती बटणांवरची अक्षरे. प्लेस्टेशनवर फुलीचे बटण खाली असते आणि ते साधा फटका मारते. एक्सबॉक्सवर ‘एक्स’ अक्षराचे बटण डावीकडे असते आणि ते ताकदीचा, पण चुकण्याची शक्यता अधिक असलेला फटका मारते. निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर ‘ए’ आणि ‘बी’ यांच्या जागा एक्सबॉक्सच्या उलट आहेत. प्लेस्टेशनची डावी स्टिक खालच्या बाजूला, एक्सबॉक्सची वरच्या बाजूला. आणि फलंदाजीचा सारा नेम त्याच स्टिकवर अवलंबून. पडद्यावरच्या सूचना डोळ्यांनी वाचणाऱ्याला यातून सावरायला वेळ लागतो, जागेच्या अंदाजाने खेळणाऱ्याला फारसा लागत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये लीग, खेळाडूंची संघटना आणि सोनी यांनी करार वाढवला, तेव्हा ‘द शो’ २०२१ पासून इतर यंत्रांवरही येऊ शकेल, अशी घोषणा झाली. लीगचे हित यात स्पष्ट होते. तरुण प्रेक्षक बेसबॉलपासून दुरावत असल्याची चिंता तिला होती, आणि आपला एकमेव दर्जेदार गेम निम्म्या घरांत पोहोचतच नाही, ही स्थिती तिला परवडणारी नव्हती. पाठोपाठ आलेल्या महामारीने गेमचे महत्त्व अधोरेखित केले : २०२० च्या एप्रिलमध्ये मैदाने ओस पडली असताना तीसही संघांच्या प्रत्येकी एका खेळाडूने घरबसल्या ‘द शो’वर स्पर्धा खेळली आणि टॅम्पा बेचा पिचर ब्लेक स्नेल ती जिंकला, तर खरा हंगाम जुलैच्या अखेरीस उघडला.

२० एप्रिल २०२१ रोजी ‘द शो’ एक्सबॉक्सवर आला आणि त्यासोबत एक विचित्र दृश्य उभे राहिले. एक्सबॉक्सवरचा प्रकाशक सोनी नव्हता, लीग स्वतः होती. तिने हा गेम पहिल्याच दिवशी मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम पास’ या मासिक वर्गणीच्या योजनेत देऊन टाकला. परिणामी सोनीच्या स्टुडिओने घडवलेला गेम सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर ७० डॉलरला विकला जात होता आणि प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर महिन्याच्या दहा-पंधरा डॉलरच्या वर्गणीत मिळत होता. या गेमसाठी पूर्वी प्लेस्टेशन घेतलेल्यांनी कपाळाला हात लावला असल्यास नवल नाही. त्यातच प्लेस्टेशन ५ चा त्या वर्षी तुटवडा होता, आणि एक्सबॉक्स सीरीज एस हे धाकटे यंत्र मूळ किमतीने २९९ डॉलरला पडत होते. म्हणजे बेसबॉलसाठी कन्सोल बदलण्याचा हिशेब एका हंगामात उलटा झाला. तरीही एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक विक्री झालेला गेम ‘द शो २१’ हाच ठरला. फुकट वाटल्यासारखी वस्तू विकतही तितकीच खपते, हा वर्गणीच्या अर्थशास्त्रातला न उलगडलेला भाग आहे. पुढच्या वर्षी शोहेइ ओतानीचे मुखपृष्ठ घेऊन हा गेम निन्टेन्डो स्विचवरही पोहोचला, चित्रांची प्रत बरीच उतरवून आणि स्वतःचे स्टेडियम रचण्याची सोय वगळून.

तिन्ही यंत्रांवरचे खेळाडू आता एकमेकांशी खेळू शकतात आणि एका खात्यात जमलेली खेळाडूंची कार्डे व ‘स्टब्स’ हे गेममधले चलन दुसऱ्या यंत्रावरही दिसते. कार्डे जमवून संघ बांधण्याच्या या प्रकाराला ‘डायमंड डायनॅस्टी’ म्हणतात आणि खऱ्या पैशांची गळती इथेच होते, कारण स्टब्स विकत घेता येतात आणि एका वर्षाची कार्डे पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत चालत नाहीत. कंपनीने या चलनाला यंत्रांच्या सीमा ओलांडू दिल्या, पण ‘फ्रँचाइझ’ प्रकारात वर्षानुवर्षे चालवलेला आपला संघ एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत नेण्याची जुनी सोय काढून टाकली. ज्यात पैसा आहे ते सोबत येते, ज्यात केवळ जिव्हाळा आहे ते मागे राहते. या निर्णयाचे याहून उदार वाचन करणे कठीण आहे.

स्पर्धा नसलेल्या उत्पादनात जे दोष साचतात ते ‘द शो’त साचले आहेत. चेहऱ्यांची, गर्दीची आणि संघ-व्यवस्थापनाच्या भागाची सुधारणा रेंगाळली, आणि २०१३ च्या पिढीची यंत्रे २०२४ च्या आवृत्तीपर्यंत सांभाळत बसल्याने नव्या यंत्रांची ताकद वापरली गेली नाही. मात्र याच काळात या गेमने एक असे काम केले, ज्याची मक्तेदाराकडून अपेक्षा नव्हती. अमेरिकी बेसबॉलने कृष्णवर्णीयांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दार बंद ठेवले होते. रूब फॉस्टरने १९२० मध्ये कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन केली आणि १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरेपर्यंत कित्येक थोर खेळाडू या समांतर जगातच खेळत राहिले. २०२३ च्या आवृत्तीत कॅन्सस सिटीतल्या निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियमच्या सहकार्याने त्यांच्या कथा आल्या. संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केंड्रिक स्वतः निवेदन करतात, आणि निवेदन संपले की तो प्रसंग खेळणाऱ्याच्या हाती सोपवला जातो : सॅचेल पेजच्या अंगाने चेंडू टाकायचा, तोही जुन्या गणवेशात आणि त्या काळच्या मैदानावर. बेचाळिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये पदार्पण केलेला हा पिचर आजच्या तरुणाला नुसते नाव म्हणून माहीत होता. डिसेंबर २०२० मध्ये लीगने या समांतर लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत मिळवली, तेव्हा जॉश गिब्सनची .३७२ ही कारकिर्दीतली फलंदाजीची सरासरी टाय कॉबच्या .३६७ च्या वर गेली. इतिहासाचे हे पुनर्लेखन ग्रंथालयांपेक्षा या गेममधून अधिक मुलांपर्यंत गेले असावे, असे मानायला जागा आहे.

जपानचा अनुभव इथे मुद्दाम नोंदवला पाहिजे, कारण अनन्य परवान्याकडे पाहण्याची दुसरी दृष्टी तो दाखवतो. कोनामी कंपनीच्या ‘पॉवरफुल प्रो याक्यू’ या १९९४ पासूनच्या मालिकेत मोठ्या डोक्याचे, पाय नसलेले बाहुल्यांसारखे खेळाडू दिसतात, परंतु चेंडू आणि बॅट यांचा मेळ इतका नेमका असतो की तिला पोरखेळ म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही. कोनामीने २००० पासून जपानी व्यावसायिक बेसबॉलचे हक्क एकहाती ठेवले आणि इतर कंपन्यांना त्यांतला वाटा देण्यात दिरंगाई केली, तेव्हा तिथल्या स्पर्धा आयोगाने २००३ मध्ये तिला ताकीद दिली. अमेरिकेत फुटबॉलच्या परवान्यावरून ग्राहकांनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सवर दावा लावला आणि २०१२ मध्ये कंपनीने २ कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली, पण फुटबॉलचा परवाना तिच्याकडेच राहिला.

परवान्याच्या बाहेर राहूनही बेसबॉलचा चांगला गेम करता येतो, हे कॅनडातल्या मेटलहेड स्टुडिओच्या ‘सुपर मेगा बेसबॉल’ने २०१४ पासून सिद्ध केले आहे. खेळाडू काल्पनिक, संघ काल्पनिक, पण फटका लागल्याचा आनंद अस्सल. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने हा स्टुडिओच विकत घेतला आणि २०२३ च्या चौथ्या भागात ऑर्टिझसारखे दोनशेहून अधिक निवृत्त खेळाडू आणले. ज्यांना हाताच्या चपळाईपेक्षा संघ चालवण्यात रस आहे, त्यांच्यासाठी मार्कुस हाइनझोन या जर्मन माणसाने १९९९ मध्ये सुरू केलेला ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ संगणकावर आहे. आकड्यांच्या या गेममध्ये शंभर वर्षांपूर्वीचा हंगामही पुन्हा चालवता येतो, आणि व्यवस्थापनाच्या खोलीत ‘द शो’ त्याच्या जवळपासही जात नाही.

आजच्या घडीला केवळ बेसबॉलसाठी कन्सोल बदलण्याचे कारण उरलेले नाही. ज्याच्याकडे जे यंत्र आहे त्यावरच त्याने खेळावे. परदेशी स्थायिक झालेल्या ज्या मराठी घरांत मुले लिटल लीगमध्ये, म्हणजे लहानांच्या बेसबॉल लीगमध्ये, खेळतात आणि हा गेम मागतात, त्या घरांतल्या पालकांनी खरेदीपूर्वी एवढे पाहून घ्यावे की २०२५ ची आवृत्ती प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर चालत नाही, ती ‘गेम पास’च्या वर्गणीत पहिल्या दिवशी मिळाली नाही, जुन्या आवृत्त्या स्वस्त मिळाल्या तरी त्यांचे ऑनलाइन सर्व्हर काही काळाने बंद केले जातात, आणि खेळाडूंची कार्डे विकत घेण्याचा पर्याय खात्याच्या पालक-नियंत्रणातून आधीच बंद करून ठेवता येतो.